मोटारसायकलचा हेडलाइट : रात्रीच्या आणि पावसातल्या उजेडासाठी

मोटारसायकलचा हेडलाइट : चालकाला पुढचा रस्ता दिसावा आणि समोरच्याला गाडी दिसावी, यासाठी हँडलच्या पुढे बसवलेला दिवा. बल्ब किंवा एलईडी, त्यामागचा रिफ्लेक्टर, पुढची काच, होल्डर, वायरिंग आणि अप्पर-डिपरचे बटण हे सगळे मिळून हेडलाइट होतो. उजेड कमी पडतो म्हणून गॅरेजमध्ये गेले, की बहुतेक वेळा फक्त बल्ब बदलला जातो. पण दोष बल्बचाच असतो असे नाही. कित्येकदा तो वायरीत, होल्डरमध्ये, काचेवर किंवा हेडलाइटच्या कोनात असतो, आणि तिथे पैसेही कमी लागतात.

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले बीबी हे गाव जालना–सिंदखेड राजा–मेहकर या जुन्या रस्त्यावर आहे. एका अंगाला दुसरबीड, दुसऱ्या अंगाला सुलतानपूर. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि तो याच भागातून गेला. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे बीबी, किनगाव जट्टू किंवा सुलतानपूरच्या मोटारसायकलवाल्याला रात्री जुनाच रस्ता धरावा लागतो. त्या रस्त्यावर एसटी असते, मालट्रक असतात, मागे एकही लाल दिवा नसलेली सोयाबीनची ट्रॉली असते आणि धुऱ्यावरून अचानक रस्त्यावर येणारा रोहीचा कळप असतो. शेतीपंपाला थ्री-फेज वीज दिवसा आणि रात्री अशी आळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी आली, की हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला शेतकरी आडवेळी मोटारसायकल काढतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, आणि रस्ता कुठे संपला व कड कुठे सुरू झाली हेच कळेनासे होते. चांगला हेडलाइट हा अशा ठिकाणी शौकाचा विषय उरत नाही.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यातच २५ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक लावून थांबायला आणखी २८ मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे एकूण ५३. ओल्या रस्त्यावर हाच हिशेब ६५ मीटरच्या पुढे जातो. वेग ४० वर आणला, तर ओल्या रस्त्यावरही गाडी साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. डिपरवर जेवढे अंतर स्पष्ट दिसते, त्यापेक्षा थांबायला जास्त अंतर लागत असेल, तर चालक आंधळाच गाडी चालवतो आहे. अप्पर टाकावा तर समोरून वाहन येतच असते.

स्प्लेंडरसारख्या रोजच्या वापराच्या गाड्यांत वर्षानुवर्षे एचएस-१ जातीचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब येत आला आहे. बुलेटसारख्या मोठ्या गाड्यांत एच-४ जातीचा ६०/५५ वॅटचा. प्रमाण व्होल्टेजला एचएस-१ चा डिपर सुमारे ५२५ ल्यूमेन आणि अप्पर ८२५ ल्यूमेन उजेड देतो. एच-४ चे आकडे सुमारे १००० आणि १६५० आहेत, म्हणजे जवळपास दुप्पट. मात्र उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. दुप्पट लांब पाहायचे तर चौपट उजेड लागतो. दुप्पट उजेडाने नजरेचा पल्ला फार तर ४० टक्क्यांनी वाढतो. ‘डबल पॉवर’चा बल्ब टाकूनही अपेक्षेएवढा फरक पडला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना या गणिताची कल्पना नसते.

या दोन्ही जातींचा बल्ब हातात घेऊन नीट पाहण्यासारखा असतो. आत दोन तारा असतात. पुढची तार डिपरची, आणि तिच्या खाली पत्र्याची छोटी वाटी. ही वाटी डिपरचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर तो पडतो आणि तिथून रस्त्याकडे वळतो. समोर भिंत असेल, तर तिच्यावर एक आडवी रेघ उमटते. रेघेच्या वर अंधार, खाली उजेड. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून ही रेघ डाव्या बाजूला तिरकी वर चढते आणि रस्त्याची डावी कड व तिथला पादचारी उजेडात येतो. मागची तार अप्परची. तिला वाटी नसते. तारांच्या जागेत मिलिमीटरभर फरक पडला, तरी ही सगळी रचना विस्कटते.

स्वस्त एलईडी बल्बचा घोटाळा नेमका इथे होतो. एलईडीच्या चकत्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात, जाडी तारेपेक्षा बरीच जास्त, आणि वाटीची नक्कल पुष्कळदा नावापुरती. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये असा एलईडी बसवला, की आडवी रेघ पुसली जाते. गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख दिसतात, चालक खूश होतो. पण जवळच्या झगमगाटाला सरावलेला डोळा लांबचा अंधार भेदू शकत नाही, आणि वर उधळलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अरुंद रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपले, तर धोका त्याच्याइतकाच आपल्यालाही असतो. दोष एलईडीच्या तंत्राचा नाही. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या चकतीवर पिवळसर लेप दिला, की पांढरा उजेड मिळतो, आणि तो हॅलोजनच्या कितीतरी कमी विजेत. कारखान्यातच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट, जसा बजाजच्या डॉमिनारला २०१६ पासून आहे, उत्तमच असतो. अख्खे युनिट बदलणे आणि जुन्या युनिटमध्ये नुसता बल्ब खुपसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एचएस-१ च्या जागी एच-४ बसवण्याचा मार्गही बऱ्याच गॅरेजमध्ये सुचवला जातो. दोन्ही बल्ब दिसायला सारखे, पण बैठकीच्या पाकळ्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या अशी अदलाबदल होऊ नये म्हणूनच. पाकळी घासून बल्ब बसतो. पुढे ३५ वॅटच्या हिशेबाने केलेले होल्डर वितळते, बटणाचे पॉइंट जळतात आणि रिफ्लेक्टरची चकाकी उडते. १००/९० वॅटच्या बल्बला बारा व्होल्टवर आठ अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो. छोट्या गाडीची कॉइल आणि कारखान्याची बारीक वायर यांचे ते काम नाही.

खरी कमाई व्होल्टेजमध्ये आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. १३.२ व्होल्टच्या जागी बल्बपर्यंत १२ च पोहोचले, तर उजेड पाव हिश्श्याहून अधिक कमी होतो. दहा वर्षे जुनी गाडी, गंजलेला अर्थ, काळा पडलेला कनेक्टर आणि झिजलेले बटण असे एकत्र आले, की एवढा तोटा सहज होतो. मल्टिमीटर घेऊन, इंजिन चालू ठेवून, आधी बॅटरीवर आणि मग होल्डरवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त तफावत असेल, तर बल्बला हात लावण्याआधी वायरिंग सुधारावे. बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे जाड वायर थेट होल्डरपर्यंत नेली, की बटणावर फक्त रिले चालवण्याचे काम उरते. मूळ कंपनीचा, योग्य वॅटचाच नवा बल्ब आणि रिले ही जोडी पुष्कळ गाड्यांना पुरते.

त्याआधी एक पाहावे लागते : हेडलाइट एसीवर आहे की डीसीवर? गाडी उभी असताना उजेड मंद आणि रेस दिली की वाढतो, तर तो एसीवर, म्हणजे बॅटरीला वळसा घालून थेट कॉइलवर चालतो. जुन्या १०० सीसी गाड्यांची ही सर्वसाधारण रीत. खड्ड्यांच्या रस्त्यावर वेग कमी होतो आणि नेमका तेव्हाच उजेडही जातो. अशा गाडीवर रिलेचे किट किंवा साधा एलईडी लावून भागत नाही. एलईडी लुकलुकतो किंवा जळतो. गाडी ‘डीसी करून’ घ्यायची, तर कॉइलचा अर्थ सोडवणे आणि पूर्ण लहरीचा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवणे ही दोन्ही कामे करावी लागतात. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचेच. अर्धवट झाले, तर बॅटरी उतरते आणि आडरानात किक मारत बसावे लागते.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि बंद करण्याचे बटण नसते. दिवसा समोरच्याला गाडी दिसते हा त्याचा फायदा मोठा आहे. पण बल्ब दिवसभर जळत राहतो आणि म्हातारा लवकर होतो. काचेच्या आत काजळी धरलेला बल्ब उडण्याची वाट न पाहता बदलावा. नवा बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापल्या काचेवर डाग धरते आणि तिथून ती तडकते. लागलेच, तर स्पिरिटने पुसून घ्यावी.

पावसाचे गणित निराळेच. कोरड्या डांबराचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो आणि त्यातला काही चालकाकडे परततो. म्हणूनच रस्ता ‘दिसतो’. पाण्याच्या थराने हा खरखरीतपणा झाकला, की रस्ता आरशासारखा वागू लागतो : चालकाचा उजेड पुढे निसटून जातो, समोरच्या गाडीचा मात्र रस्त्यावरून उसळून डोळ्यांत येतो. पांढरे पट्टे नाहीसे होतात, कड हरवते. हेडलाइट कितीही तगडा असला, तरी हा तोटा पूर्ण भरून निघत नाही. धो-धो पावसात अप्पर टाकला, तर पडत्या थेंबांचाच पडदा उजळतो, म्हणून डिपर बरा.

पाऊस आणि धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो, ही समजूत पक्की आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असत. पण धुक्याचे आणि पावसाचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात, की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. फॉगलॅम्पचा गुण रंगात कमी आणि जागेत अधिक आहे : तो खाली बसतो, त्याचा उजेड रुंद आणि वरून सपाट कापलेला असतो. त्यामुळे डोळ्यापुढचे थेंब कमी उजळतात आणि रस्त्याची कड दिसते. निळसर पांढरा उजेड डोळ्याला अधिक खुपतो, एवढी गोष्ट खरी. म्हणून ६००० केल्विनच्या एलईडीपेक्षा ४००० च्या आसपासचा निवडलेला चांगला. क्रॅशगार्डवर, हेडलाइटच्या खाली, स्वतंत्र बटणावर आणि रिलेवर बसवलेली रुंद उजेडाची जोडी पावसात उपयोगी पडते. सपाट काप नसलेले बारलाइट मात्र समोरासमोर वाहतूक असलेल्या रस्त्यावर लावूच नयेत.

काच आणि कोन या दोन बाबी फुकटात सुधारतात. पावसाळ्यात चिखलाचा पातळ थर काचेवर बसतो आणि उजेड खातो, शिवाय उरलेला वेडावाकडा पसरवतो. निघण्याआधी आणि वाटेत थांबल्यावर ओल्या फडक्याने पुसणे हाच उपाय. हेल्मेटच्या काचेवरचे ओरखडे प्रत्येक समोरच्या दिव्याचा फुलोरा करतात, आणि काळी काच रात्री घातकच. कोन लावायला सपाट अंगण आणि भिंत पुरते. टायरची हवा योग्य ठेवून, चालक बसलेला असताना, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरची वरची रेघ त्या खुणेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. मागे माणूस आणि वर खताचे पोते असेल, तर गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि डिपरसुद्धा अप्पर होतो. रोज ओझे नेणाऱ्याने ओझ्यासकटच कोन लावावा.

कायद्यात हा विषय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत येतो. नियम १०५ प्रमाणे समोरच्या दिव्यांनी १५५ मीटरवरचे माणूस आणि वाहन ओळखू आले पाहिजे. नियम १०६ दिपवण्याबद्दल आहे : दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडाने दिपवता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीत मनचाहे फेरफार करण्यावर बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. भारतातल्या वाहनांचे दिवे ज्या संस्थांत तपासले जातात, त्यांपैकी १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय पुण्यातच आहे, आणि बीबीहून जालन्यामार्गे गेले की लागणारे छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज हे दुचाकी आणि तिच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र आहे. मंजूर, खात्रीचा माल या भागात मिळत नाही असे म्हणता येणार नाही.

उजेड परत पाठवणारी वस्तू समोर असली, तर साधा ३५ वॅटचा डिपरही पुरतो. गावाकडे ज्याला रेडियम म्हणतात, ती परावर्तक पट्टी आलेला उजेड आला तिकडेच फिरवते. म्हणून मातकट ट्रॉली जिथे दिसत नाही तिथेही पट्टी चमकते. ट्रॉलीच्या मागच्या फळीला दोन्ही टोकांना लाल, बाजूंना पिवळी, बैलगाडीच्या साट्याला आणि जुवाला, सायकलच्या मडगार्डला, रात्री ओलिताला जाणाऱ्याच्या रेनकोटच्या पाठीला अशी ती लावली जाते. तिच्यावरचा चिखल हंगामात अधूनमधून धुवावा लागतो, आणि कडा सुटू लागल्या की पट्टी बदलावी लागते.