दोन वेल, एक नाव

नऊ वर्षांपूर्वी परसातल्या पोफळीशी मी मिरीचं रोप लावलं. म्हणजे विकणाऱ्यानं ते मिरीचं म्हणून दिलं होतं. वेल वर चढेचना. पेरापेराला मुळं धरत जमिनीवरच पसरला. तिसऱ्या पावसाळ्यात फळं आली ती लोंबत्या घोसांची नव्हे, तर बोटाच्या पेराएवढी, ताठ उभी, कच्च्या तुतीसारखी. पिंपळी! विकणाऱ्यावर मी चिडलो होतो. पुढे प्लिनी वाचला आणि राग निवळला, कारण हीच चूक युरोपातल्या विद्वानांनी सुमारे पंधराशे वर्षं सांभाळली होती.

पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायस्कोरिडीझ लिहितो की, हिंदुस्थानातल्या एका झाडाला आधी लांबट शेंग येते, ती पिंपळी. तिच्यातले दाणे पुढे वाढून मिरी होतात. प्लिनीचंही मत साधारण तेच. रोमच्या बाजारात पिंपळी पौंडाला 15 दिनार, पांढरी मिरी 7 आणि काळी 4, हे भावही त्यानं नोंदवले आहेत. भाव अचूक ठाऊक, झाड मात्र कोणी पाहिलेलं नाही! हाती येई तो वाळका माल. त्यात भर नावाची. ‘पिप्पली’वरून ग्रीक ‘पेपेरी’ झालं, त्यावरून लॅटिन ‘पिपर’, आणि तेच नाव दोन्ही मालांना चिकटलं. नाव एक, मग झाडही एकच असणार, असा हा तर्क. आपल्याकडे घोळ होणं कठीणच होतं, कारण सुंठ, मिरी, पिंपळी असं मोजल्याशिवाय त्रिकटू पुरा होत नाही. (अर्थात, समुद्रापलीकडून नवी तिखट शेंग आली तेव्हा आपणही मिरीवरून तिला ‘मिरची’ म्हणून मोकळे झालो.)

ही चूक छापील पुस्तकात खोडली गेली ती गोव्यात. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. 1563 साली तिथेच त्याचे औषधींवरचे ‘संवाद’ छापले गेले. मिरी मलबारची, पिंपळी बंगालची, दोन्ही झाडं वेगळी, असं तो सांगतो. आपण स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलायचं धाडस झालं नसतं, अशी कबुलीही त्याच ग्रंथात आहे. पण तोही एका ठिकाणी घसरलाच: पांढऱ्या मिरीचा वेल त्यानं निराळा मानला. वास्तविक वेल एकच. हिरवे दाणे वाळवले की काळी मिरी, पिकलेल्यांची साल काढली की पांढरी.

पुढचं मोठं काम कोचीच्या डच अमलात झालं. व्हान ऱ्हीडेचा ‘हॉर्टस मलबारिकस’ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत निघाला. त्यात मिरी, पिंपळी आणि नागवेल यांची वेगवेगळी चित्रं आहेत. ही ओळख पटवणारे इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचं 1675 सालचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. लिनीयसनं 1753 साली तिन्ही वेलांना शास्त्रीय नावं दिली आणि शोधाचं श्रेय बहुतेक त्याच्याच खाती गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं. वेल ओळखणारे कोचीतच होते. लिनीयस हिंदुस्थानात कधी आलाच नाही.

फळं नसताना ओळखायचं कसं? मिरीचं पान जाड, चिवट, आणि सगळ्या पानांना देठ. नागवेलीचं पान हृदयाकृती. चुरगळलं की विड्याचा वास लपत नाही. पिंपळीची खूण मजेदार आहे: खालच्या पानांना लांब देठ, पण शेंड्याकडची पानं बिनदेठाची, खोडाला मिठी मारून बसलेली. एकच पान खुडून पाहणारा इथे हमखास फसतो, शेंड्यापर्यंत नजर न्यायला हवी.

गेल्या ज्येष्ठात आंब्याच्या बुंध्याशी दुसरं रोप लावलं आहे. या खेपेला पानं पाहून आणलं. मुळं सालीला धरली आहेत.