हिंग कुठला?

वरणाला हिंगाची फोडणी नसेल तर आमच्या घरी ताट मागे सरकतं. हा हिंग कुठला, असं परवा मित्रांना विचारलं. "आपलाच की!" सगळे म्हणाले. चरकसंहितेतही त्याचं नाव आहे, त्यामुळे असा समज होणं साहजिकच.

प्रत्यक्षात हिंगाचं झाड अफगाणिस्तान-इराणच्या कोरड्या, थंड डोंगरांतलं. त्याच्या मुळाला चिरा पाडतात. पाझरलेला चीक वाळला की झाला हिंग. शतकानुशतकं काबुली व्यापारी तो इकडे आणत. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या सोवळ्या स्वयंपाकघरांत तर हिंगावाचून पान हलत नाही. चीक खरवडणारे, गाठोडी वाहणारे बहुतेक मुसलमान. त्यांच्या धर्माला मात्र त्या चुलीपाशी कुणी हिंग लावून विचारलं नाही. मला याची फार गंमत वाटते.

आपल्या डबीतही निव्वळ हिंग नसतोच. तो इतका उग्र, की पीठ नि डिंक मिसळूनच विकतात.

भारतात त्याच्या लागवडीला सुरुवात झाली ती थेट ऑक्टोबर 2020 मध्ये. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेनं हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी पहिलं रोप लावलं. बियाणं इराणचं होतं.