वाटाड्याची वाणी

परमुलखात बदलून आलेल्या अधिकाऱ्याची त्या मुलखाशी पहिली ओळख वाट विचारण्याच्या निमित्ताने होत असे. आज बंगळूरहून आनेकलच्या कचेरीस निघालेला मराठी अंमलदार आपला मोबाइल मोटारीच्या ध्वनियंत्रणेस जोडून देतो आणि ‘दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा’ अशा सूचना ऐकत निर्धास्तपणे जातो. ही सोय अगदी कालपरवाची असली, तरी बोलून वाट दाखविण्याची रीत फार जुनी आहे. तिचा इतिहास या आनेकलच्याच आसमंतात चांगला दिसतो, आणि त्यात आम्हां मराठी माणसांचाही वाटा आहे.

आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या शेजारी, तमिळ मुलखाच्या शिवेवर वसलेले गाव. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. तेव्हापासून या वाटा मराठी घोड्यांच्या ओळखीच्या झाल्या. १७६० च्या ऑगस्टात हैदर अलीवर त्याचाच दिवाण खंडेराव उलटला, तेव्हा श्रीरंगपट्टणाहून रातोरात नदी ओलांडून हैदर प्रथम आनेकलला आला आणि तेथून त्याने बंगळूर गाठले. आडवाट साधली म्हणून त्याचे प्राण वाचले, आणि म्हैसूरचा पुढला इतिहास निराळा झाला.

त्या काळी सामान्य वाटसरूला नकाशा ठाऊकच नव्हता. वाट माणसाच्या तोंडी असे. मद्रास इलाख्यातील ग्रामव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या १८१२ च्या ‘पाचव्या अहवाला’त तलारी नावाच्या गावसेवकाचे एक काम असे सांगितले आहे की, एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्यांस त्याने सोबत करावी व सुखरूप पोहोचवावे. आपल्याकडे हे काम वतनदार महाराच्या माथी होते. सरकारी माणसाचे ओझे उचलून त्याने पुढच्या गावापर्यंत चालायचे आणि तेथे दुसऱ्याने ते पुढे न्यायचे, अशी ही साखळी असे. ‘वाटाड्या’ हा शब्द आज आपल्या कानांस गोड लागतो. परंतु त्याच्यामागे वेठ होती, हे विसरून चालणार नाही. रात्र असो की पाऊस असो, नाही म्हणण्याची त्यास मुभा नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते याच जाचामुळे. आणि ही कनिष्ठ वतने रद्द व्हावयास १९५८ चा कायदा यावा लागला.

वाट सांगणारे तोंड बंद झाले म्हणजे मोठमोठ्या फौजाही कशा आंधळ्या होतात, याचे उदाहरण १७९१ सालचे आहे. बंगळूर घेतल्यावर लॉर्ड कॉर्नवॉलिस मे महिन्यात आनेकलच्या पश्चिमेकडील कनकपुऱ्याच्या वाटेने श्रीरंगपट्टणावर निघाला. टिपूने तो टापू आधीच उजाड करून ठेवला होता. चारा नाही, धान्य नाही, आणि विचारावे तर गावात माणूस नाही. उत्तरेकडून परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मोठी फौज घेऊन येत होते. परंतु टिपूच्या स्वारांनी हरकाऱ्यांच्या वाटा अशा रोखल्या की, एका दोस्ताची खबर दुसऱ्यास मिळेना. अखेर उपासमारीने गांजून कॉर्नवॉलिसने आपल्या वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडल्या व माघार घेतली. परतीस लागताच समोर घोडेस्वार दिसले. ते शत्रूचे समजून इंग्रज लढाईस सिद्ध झाले, तो ते मराठे निघाले! ती खबर थोडी आधी पोहोचती, तर तोफा वाचल्या असत्या.

टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांनी मुलूख मोजावयास घेतला. कर्नल मॅकेंझीने म्हैसूरची पाहणी केली, आणि विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा आखून त्रिकोणांची मालिका पश्चिमेकडे आणली. १८०४ साली बंगळूरजवळ दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजली, तेव्हा सात मैलांच्या अंतरात हिशेब आणि मोजणी यांत चार इंचांचाही फरक निघाला नाही. हाच लॅम्टन मोजणी करीत उत्तरेस गेला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटास मरण पावला. गावकऱ्याच्या तोंडची वाट अशा रीतीने सरकारी कागदावर उतरली.

तिला पुन्हा कंठ फुटला तो १९८९ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत. जिम डेव्हिस आणि ख्रिस श्मान्ट यांनी मोटार चालविणाऱ्यास बोलून मार्ग सांगणारे यंत्र तेथे सिद्ध केले. त्यात अवघड गोष्ट होती ती वेळेची. वळण फार आधी सांगितले तर चालक विसरतो आणि उशिरा सांगितले तर ते मागे पडते. शेजारी चालणाऱ्या वाटाड्यास हे शिकवावे लागत नव्हते. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि रस्त्यावरील मोटारीचे स्थान काही मीटरांच्या आत कळू लागले. भारतात गूगलची बोलती मार्गसूचना २०१२ साली आली. कारप्ले २०१४ साली आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ साली निघाले.

या व्यवस्थेतली एक खोच नवख्यास अडविते. ब्लूटूथवरून सूचना बहुधा संगीताच्या वाटेने जाते. म्हणून मोटारीत रेडिओ चालू असेल तर फोन बोलत असूनही मोटार मुकी राहते. तीच सूचना दूरध्वनीच्या संभाषणाच्या वाटेने पाठविण्याची सोय असल्यास रेडिओ आपोआप थांबतो आणि आवाज ऐकू येतो.

या नव्या वाटाड्याने कोणास वेठीस धरले नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. मात्र त्याला गावाची जाण नाही. आनेकल म्हणजे कन्नडमध्ये गार, पावसात पडणारी. रोमन अक्षरांवरून वाचणाऱ्यास त्यातला पहिला ‘आ’ दीर्घ आहे हेही समजत नाही, आणि आपला मराठी माणूस ‘अनेकल’ म्हणत राहतो. यासाठी आमची एक सूचना आहे. कन्नडमधूनही या सूचना मिळतात; त्या निवडाव्यात. ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे, ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे. एवढे शब्द महिनाभरात सहज कानांत बसतात. आणि एखाद्या शेताच्या बांधाची किंवा तळ्याच्या हद्दीची पाहणी करावयाची असून यंत्राची वाणी अलीकडेच थांबली, तर मोटारीतून उतरून त्याच शब्दांत जवळच्या माणसास विचारावे. दोनशे वर्षांपूर्वी त्याला सांगणे भाग होते. आज तो सांगेल ते आपखुशीने, आणि न सांगण्याचाही त्यास अधिकार आहे. सरकारी माणसाने वाट विचारताना हा फरक मनात वागविला, तर त्याची बदली पुष्कळशी सुखाची होईल, असे आम्हांस वाटते.