चांद्याचा अपक्ष

महाराष्ट्राचा विस्तार सांगायचा झाला की आपण ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ म्हणून मोकळे होतो. बोलताना ही दोन्ही गावे तोंडात असतात, एरवी ती नकाशाच्या कडेलाच राहतात. पण या दोन टोकांनी एकदा एक गंमत करून दाखविली. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर लोकसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. राज्याच्या ४४ जागांपैकी ४१ काँग्रेसने जिंकल्या. उरल्या तीन. एक बांद्याच्या बाजूची, राजापूरची. तेथून प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. दुसरी नागपूरची, तेथून लोकनायक बापूजी अणे आले. तिसरी चांद्याची; तेथून आले लाल श्यामशाह. नाथ पैंच्या पाठीशी पक्ष होता. अणे आणि श्यामशाह हे दोघे अपक्ष.

दोघांत साम्य एवढेच. बापूजी वणीचे, म्हणजे चांद्याचे वर्धा नदीपलीकडले शेजारी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसून गांधीजींच्या १९४३ च्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडलेले, पुढे बिहारचे राज्यपाल झालेले, आणि निवडून आले तेव्हा ८१ वर्षांचे. सभागृहाची रीत त्यांना कोणी शिकवावी असे नव्हते. श्यामशाह हे पानाबारसच्या जुन्या जमीनदारीतले गोंड. लोक त्यांना महाराज म्हणत.

पानाबारस महाराष्ट्रात नाही, तेव्हाही नव्हते. मग चांद्याच्या मतदारांनी परमुलखातला माणूस का निवडला? कायद्याची अडचण नव्हती. देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असले की राज्याबाहेरूनही उभे राहता येते. पण खरे उत्तर जुन्या दप्तरात आहे. पानाबारस, अंबागड चौकी, कोराचा आणि औंधी या जमीनदाऱ्या पूर्वी चांदा जिल्ह्यातच होत्या. १९०६ च्या सुमारास इंग्रज सरकारने नवा दुर्ग जिल्हा केला आणि त्या तिकडे जोडल्या. कागदावर रेघ ओढली गेली. रान मात्र अखंड होते, बोली तीच, सोयरिकी त्याच. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तर २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत झालेलाच नव्हता. वैनगंगेच्या पूर्वेकडल्या गोंड-माडियांना महाराज परके वाटण्याचे कारण नव्हते.

आता असा एकटा माणूस दिल्लीस जाऊन करतो काय? कागदावर पाहिले तर त्याला काहीच कमी नाही. पंतप्रधानाला एक मत, त्यालाही एकच. सभागृहातील भाषणाबद्दल कोणतेही न्यायालय त्याला जाब विचारू शकत नाही. तो मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतो, अंदाजपत्रकात कपात सुचवू शकतो, शुक्रवारच्या अडीच तासांत खासगी विधेयक किंवा ठराव मांडू शकतो. अर्थात चिठ्ठीत नाव निघाले तर. एवढेच काय, या देशाच्या लोकसभेत सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव १९६३ च्या ऑगस्टमध्ये आला, तो मांडणारे आचार्य कृपलानी त्याच वर्षी अमरोह्याहून अपक्ष म्हणूनच निवडून आले होते. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, ही गोष्ट वेगळी.

पण कृपलानींच्या मागे विरोधी बाकांवरचे बरेच सभासद उभे होते. असा ठराव दाखल व्हायलाच ५० सभासद उभे राहावे लागतात. चर्चेचा वेळही पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो. मोठ्या पंगतीत शेवटच्या पानापर्यंत जिलबी पोचता पोचता परात रिकामी व्हावी, तशी अपक्षाची गत. त्या लोकसभेत निवडून आलेले अपक्ष होते २०, आणि जागा ४९४. बापूजींसारख्याचे नाव ऐकून सभागृह कान देत असे. रानातल्या माणसाला तो मान कोठून मिळणार?

श्यामशाहांचे गाऱ्हाणे जंगलाचे होते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला, बस्तर आणि कोरापूटच्या रानात. १९६४ च्या आरंभी तिकडे पुन्हा दंगली उसळल्या आणि निर्वासितांचे नवे लोंढे रायपूरजवळच्या माना छावणीत येऊन पडले. चांदा जिल्ह्यातही, आजच्या चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला, बंगाली वसाहती झाल्या. त्या माणसांचे दुःख खोटे नव्हते; घरदार टाकून आलेले ते गरीब शेतकरीच होते. परंतु रान ज्यांचे, त्यांना विचारले कोणी? वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी आदिवासींच्या हाती पट्टा नव्हता, म्हणून ती जमीन सरकारी वहीत मोकळी ठरत होती. आपले कोणी ऐकत नाही असे पाहून श्यामशाहांनी १९६४ साली लोकसभेचा राजीनामा दिला.

राजीनाम्याला त्या वेळी सभापतींच्या नावे सही केलेले पत्र पुरे होई. तो खुषीने दिला की दबावाने, हे पाहण्याचा अधिकार सभापतींना १९७४ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. पक्षाचा खासदार अशा वेळी श्रेष्ठींकडे पाहतो. अपक्षाला कोणाकडे पाहायचे नसते. श्यामशाहांनी आपला हा एक हक्क मात्र पुरेपूर वापरला.

त्यांनी बरे केले का? तीन वर्षे शिल्लक असताना खुर्ची सोडणे म्हणजे मतदारांची एकुलती एक वाट बंद करणे, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नाही. मला स्वतःला वाटते, निदान प्रश्नोत्तरांच्या छापील पानांवर त्या रानाचे नाव वारंवार यायला हवे होते. दप्तर विसरत नाही. पण दुसरा मार्गही त्यांना मोकळा होता, सत्ताधारी बाकावर जाऊन बसण्याचा. अपक्ष निवडून येऊन पक्षात शिरणाऱ्याची जागा जाते, हा नियम १९८५ च्या पक्षांतरबंदीबरोबर आला. १९६४ साली असे करणाऱ्याचे काहीच बिघडत नव्हते. तिकडे ते वळले नाहीत.

ते परत रानात गेले. वीस वर्षांनी, १९८४ च्या सुमारास, इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टनम व इचमपल्ली येथे धरणे बांधण्याची योजना पुढे आली. सिरोंचा-भामरागडकडची गावे आणि जंगल पाण्याखाली जाणार होते. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ म्हणत हजारो आदिवासी निघाले. त्यांच्या पुढाऱ्यांत बाबा आमटे होते आणि लालश्यामशाह महाराजही होते. धरणे बारगळली.

त्या चळवळीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाची माणसे होती. परतल्यावर त्यांनी आपली ग्रामसभा उभी केली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याच्या सभेत निर्णय हात वर करून, डोकी मोजून होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि सगळ्यांचे पटेपर्यंत ती पुन्हा पुन्हा बसते.