संत अल्बनच्या नगरीतील पाच जण

लंडनच्या उत्तरेस सुमारे वीस मैलांवर सेंट अल्बन्स नावाचे गाव आहे. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना सेमिनरीत हे नाव आम्हांस प्रथम भेटले. ब्रिटनवर रोमन अंमल असताना अल्बन नावाच्या गृहस्थाने छळामुळे परागंदा झालेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूला घरात आसरा दिला. शिपाई दाराशी येताच त्या धर्मगुरूचा झगा आपल्या अंगावर चढवून तो स्वतःच त्यांच्या स्वाधीन झाला आणि शिरच्छेदास सामोरा गेला, अशी परंपरा सांगते. ब्रिटनचा हा पहिला रक्तसाक्षी. त्याच्या स्मृतिस्थळी उभा राहिलेला बेनेडिक्टाइन मठ १५३९ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत विसर्जित झाला, परंतु मठाचे भव्य मंदिर राहिले. ते आता अँग्लिकन पंथीयांचे कॅथेड्रल आहे. या कॅथेड्रलच्या गायनवृंदात गत शतकाच्या मध्यास रॉड अर्जेंट नावाचा एक मुलगा गात असे. आजचा आमचा विषय रक्तसाक्षी अल्बन नसून हा मुलगा व त्याचे चार सोबती आहेत.

या पाच जणांच्या रॉक बँडचे नाव 'द झोंबीज'. वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल तर ती स्वाभाविक आहे. हैतीमधील लोकसमजुतीत झोंबी म्हणजे मंत्रतंत्राने उठून चालू लागलेले प्रेत. सेमिनरीत असताना आमच्या एका वर्गबंधूने या बँडची कॅसेट आणली होती. वेष्टणावरील नाव वाचूनच, 'ही पुनरुत्थानाची थट्टा आहे,' असे सुनावून आम्ही ती परत केली. ऐकण्याची तसदी घेतली नाही. पुढे कित्येक वर्षांनी ती गाणी कानांवर पडली तेव्हा त्या वर्गबंधूस पत्र लिहून क्षमा मागावी लागली. या लेखामागे त्या ऋणाचाही थोडा भाग आहे.

१९६१ साली शाळकरी वयात ही मंडळी एकत्र आली. कॉलिन ब्लनस्टोन गायक, रॉड अर्जेंट पियानो व ऑर्गनवर, पॉल अ‍ॅटकिन्सन गिटारवर, ह्यू ग्रंडी ड्रमवर. आणि पहिला बास वादक सोडून गेल्यावर त्याच्या जागी ख्रिस व्हाइट. १९६४ साली परगण्यातील बँडस्पर्धा जिंकल्यावर डेका कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्याच वर्षी अर्जेंटने रचलेले 'शी इज नॉट देअर' हे गीत अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. १९६५ साली 'टेल हर नो' सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्यानंतर मात्र एकामागून एक गीते पडली. १९६७ साली फिलिपिन्समध्ये हजारोंच्या गर्दीपुढे कार्यक्रम झाले, पण गायकांच्या हाती पडला तो अगदीच तुटपुंजा मोबदला.

येथे पैशाचा प्रश्न समजून घेतला पाहिजे. बँड मोडतात ते पुष्कळदा स्वरांवरून नव्हे, हिशेबावरून. गीते अर्जेंट व व्हाइट लिहीत, म्हणून रचनेचे मानधन त्या दोघांना मिळे. उरलेल्या तिघांना कार्यक्रमांच्या बिदागीवर भागवावे लागे, आणि कार्यक्रम तर आटत चालले होते. तेव्हा मोडण्यापूर्वी निदान एक ध्वनिमुद्रिका तरी आपल्या मनासारखी करावी असे लेखकद्वयाने ठरविले. सीबीएस कंपनीने सुमारे एक हजार पौंड दिले. १९६७ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत काम सुरू झाले. बीटल्सनी आपली 'सार्जंट पेपर' नुकतीच तेथे पूर्ण केली होती, आणि जॉन लेनन यांचे मेलोट्रॉन तेथेच राहिले होते. पट्टी दाबताच ध्वनिफितीवरील बासरी वा व्हायोलिन वाजविणारे हे वाद्य अर्जेंटने मनसोक्त वापरले. वाद्यवृंद आणण्याइतके पैसे होते कोठे! कंपनीने स्टिरिओ प्रत मागितली तेव्हा तिचा खर्च अर्जेंट व व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून केला.

या बारा गीतांत गायनवृंदाचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात. 'अ रोझ फॉर एमिली' या गीतात केवळ पियानो व कंठ, ड्रम नाहीच. आपल्या धर्मग्रामांतील गायकांनी हे जरूर ऐकावे, कारण दोन-तीन आवाज एकमेकांना न झाकता कसे गातात याचा धडा त्यात आहे. 'केअर ऑफ सेल ४४' ही तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेली चिठ्ठी आहे, आणि तिची चाल इतकी प्रसन्न की विषय तुरुंगाचा आहे हे प्रथम ध्यानातच येत नाही.

पण आम्हांस सर्वांत अधिक सतावते ते 'बुचर्स टेल'. १९१४ च्या पश्चिम आघाडीवर गेलेला एक खाटीक त्यात बोलतो. रक्तामांसाची सवय असलेला हा माणूस खंदकात थरथरतो आहे. ब्लनस्टोनचा मुलायम आवाज येथे नाही. व्हाइट स्वतः, काहीशा कापऱ्या स्वरात गातो, आणि साथीला पायांनी भाता हलवून वाजवायची जुनी पेटी आहे, आपल्या जुन्या चर्चमधून असे तसलीच. त्या गीतात प्रवचनपीठावरील उपदेशकही येतो. लढायला जा असे तो सांगतो, पण तोफा त्याला ऐकाव्या लागत नाहीत. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंनी आपापल्या सैन्याला आशीर्वाद दिले, हा इतिहास आहे. संत अल्बनने धर्मगुरूचा झगा घालून त्याचे मरण आपल्या अंगावर घेतले. त्याच गावच्या तरुणाने झगा घातलेल्याला हा प्रश्न विचारावा! रविवारी प्रवचनपीठाची पायरी चढताना ती पेटी आम्हांस अधूनमधून ऐकू येते.

'टाइम ऑफ द सीझन' हे गीत अखेरीस मुद्रित झाले. नवी चाल नीट बसेना म्हणून ब्लनस्टोन वैतागला व अर्जेंटशी त्याची खडाजंगी झाली. १९६७ च्या डिसेंबरात बँड विसर्जित झाला, आणि एप्रिल १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी गायला कोणी उरलेच नव्हते. तिची विक्री यथातथाच झाली. अल कूपर या अमेरिकन संगीतकाराने आग्रह धरला म्हणून ती अमेरिकेत निघाली, आणि १९६९ च्या आरंभी 'टाइम ऑफ द सीझन' तेथे तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्या सुमारास ब्लनस्टोन विमा कंपनीत कारकुनी करीत होता. खरे झोंबीज अस्तित्वात नाहीत हे पाहून अमेरिकेत तोतये त्यांच्या नावावर कार्यक्रम करू लागले!

पुढची हकीकत थोडक्यात. २००३ साली 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ पाचशे ध्वनिमुद्रिकांत हिला ८० वे स्थान दिले. अ‍ॅटकिन्सन २००४ साली वारला. २००८ साली उरलेल्या चौघांनी लंडनमध्ये ती संपूर्ण गाऊन दाखविली. २०१९ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला. २०२४ साली पक्षाघाताच्या झटक्यानंतर अर्जेंटने दौरे थांबविले.

नव्या श्रोत्याने आरंभ या ध्वनिमुद्रिकेनेच करावा, आणि ती सलग ऐकावी. अवघ्या पस्तीस मिनिटांची आहे. मग मागे वळून 'शी इज नॉट देअर'कडे जावे. नाव 'ओडेसी अँड ओरॅकल'. मुखपृष्ठ रंगविणाऱ्या मित्राने 'ओडेसी' या शब्दात 'वाय'च्या जागी 'ई' घातला आणि ती चूक तशीच छापली गेली. शोधताना तीच चूक करावी, म्हणजे लगेच सापडेल.