तळणीवरून गेलेली सावली

दिव्यापुढे हात धरला की भिंतीवर सावली पडते, कारण उजेड सरळ जातो, हाताला वळसा घालत नाही. सावलीची कड मात्र पुसट असते. तिथे दिवा अर्धामुर्धाच झाकलेला असतो. चंद्राची सावलीही तशीच. गडद भागात खग्रास, पुसट भागात खंडग्रास.

२२ जानेवारी १८९८ रोजी ही गडद सावली विजयदुर्ग, जेऊर करत वऱ्हाडातल्या तळणीवरून गेली. आमच्याकडे ग्रहणात गरोदर बाईला विळीला हात लावू देत नसत. तळणीला मात्र अ‍ॅनी माँडर ही आयरिश बाई कॅमेरा लावून उभी होती. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात ती गणित शिकली, पण बायकांना तिथे पदवी मिळत नसे. ग्रीनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर तिने आकडेमोड केली. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नियमाप्रमाणे नोकरी गेली. नवरा तिथेच नोकरीला होता; त्याची राहिली!

खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं, कॅमेऱ्याचं भिंग दीड इंचाचं. सूर्याचं बिंब झाकलं गेलं तेव्हाच त्याभोवतीचं फिकं प्रभामंडळ दिसलं. त्यातला इतका लांब झोत तिने टिपला, की तेवढा तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये तिचं नाव नाकारलं होतं. तिला सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये.