भोंगवलीचीं अरिष्टें

भोर तालुक्याच्या पूर्व भागांतील भोंगवली या गांवीं मध्यंतरीं आमचें जाणें झालें. तेथील एका वृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर बसलों असतां, आपल्या गांवावर आजवर कोणकोणतीं नैसर्गिक अरिष्टें आलीं, असें आम्हीं त्यांस विचारलें. क्षणभर थांबून ते म्हणाले, "आमच्याकडं काय न्हाई बघा, गुरुजी. पूर न्हाई, भूकंप न्हाई. देवाची किरपा." बोलणें पुढें चाललें. ओघांत त्यांचें वय विचारलें, तेव्हां उत्तर आलें, "साल कुठलं ठावं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जायचो, तवा मिसरूड फुटत हुतं. त्यावरनं करा हिशेब."

ज्या गांवावर म्हणून कांहीं अरिष्ट आलेंच नाहीं, त्या गांवांत माणसाचें वय मात्र दुष्काळावरून मोजलें जातें! ही विसंगति आमच्या मनांतून जाईना. तिचा उलगडा करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम या प्रदेशाची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. भोर व वेल्हें हे तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेले आहेत. पश्चिमेस हिरडस मावळांत पावसाळ्यांत सूर्यदर्शन दुर्मिळ. नीरेचा उगमहि तिकडचाच. परंतु ढग जसजसे पूर्वेकडे सरकतात, तसतसे ते रिते होत जातात, आणि भोंगवलीकडील माळांवर पोंचेतों त्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. एकाच तालुक्याच्या एका टोंकास अतिवृष्टीचें भय, तर दुसऱ्यास अवर्षणाचें.

पैकीं पहिल्या जातीचें संकट गाजावाजा करीत येतें. १२ जुलै १९६१ रोजीं वेल्हें तालुक्यांतील पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्याचा नदीकांठ उद्ध्वस्त झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेच्या भूकंपानें पश्चिम महाराष्ट्र हादरला. २२ जुलै २०२१ रोजीं वरंध घाटापलीकडच्या महाड तालुक्यांत तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्याच सुमारास महाबळेश्वरीं चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा संकटांस तारीख असते, घटका असते, म्हणून त्यांस इतिहासांत जागा मिळते. दुष्काळास तारीख नसते. मृगाकडे, मग आर्द्रांकडे, मग हस्ताकडे डोळे लावतां लावतां तो केव्हांच घरांत येऊन बसलेला असतो.

दख्खनच्या इतिहासांत अशीं वर्षें थोडीं नाहींत. इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षें टिकल्याचें सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडीं शतकानुशतकें राहिला. शहाजीराजांच्या काळीं १६३० सालच्या दुष्काळानें सारी दख्खन पोळून निघाली. १८०३ चा दुष्काळ तर निम्मा माणसांनींच आणलेला: होळकरांच्या स्वारीनें पुणें प्रांतांतील उभीं पिकें गेलीं, आणि उरलेलें काम आभाळानें पुरें केलें. अवर्षण हें निसर्गाचें खरें; परंतु अवर्षणाचा दुष्काळ होतो तो पुष्कळदां मनुष्याच्या करणीनें.

याचा सर्वांत दारुण दाखला १८७६ ते १८७८ या वर्षांचा. त्या वेळीं आगगाडी होती आणि धान्यहि एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जात होतें. नव्हते ते मजुराच्या हातीं पैसे. सर रिचर्ड टेंपल यांनीं सरकारी खर्चांत काटकसर म्हणून दुष्काळी कामांवरील मजुरी एक रत्तल धान्याची किंमत व वर थोडेसे पैसे, एवढ्यावर आणली. दिवसभर दगडमाती वाहणाऱ्या माणसास एक रत्तल धान्य! मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती मिळवून सरकारापुढें गाऱ्हाणें मांडलें. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांचें नांव या संदर्भांत कृतज्ञतेनें घेतलें पाहिजे. तरीहि या दुष्काळांत हिंदुस्थानांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे.

या अनर्थांतून दोन गोष्टी निघाल्या. १८८० सालच्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून दुष्काळ-संहिता तयार झाल्या. आणि दुष्काळी मुलखास पाणी देण्यासाठीं भोरजवळ भाटघर येथें वेळवंडी नदीवर धरण उभें राहिलें. १९२८ सालीं त्याच्या जागीं सुमारें एक मैल लांबीचें नवें धरण पुरें झालें. त्यांत साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावतें. नीरेच्या कालव्यांनीं तें बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस इकडे गेलें. त्या उजाड मुलखांत ऊंस उभा राहिला, हें मोठेंच कार्य झालें. परंतु ज्या तालुक्यांतील खोरें पाण्याखालीं गेलें, त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील माळ कोरडे राहिले. नीरा तालुक्याच्या सीमेवरून वाहते खरी; पण नदी खालीं आणि माळ वर. पाणी समोरून जातांना पाहणें आणि पावसाची वाट पाहणें, हीं दोन्ही एकाच गांवाच्या वांट्यास यावीं, यास काय म्हणावें?

पुढें १९७२ सालीं पुन्हा पाऊस गेला. विहिरी आटल्या, गुरें विकलीं गेलीं, परदेशांतून आलेल्या मिलोच्या भाकरी लोकांनीं खाल्ल्या. पण या वेळीं इतिहासानें वेगळें वळण घेतलें. सरकारी कामें निघालीं. मे १९७३ मध्यें सुमारें पन्नास लाख माणसें महाराष्ट्रभर त्या कामांवर होतीं. खडी फुटली, रस्ते झाले, पाझर-तलाव झाले, कामावर सुकडी मिळाली. दुःख अपार झालें, परंतु १८७७ चा संहार पुन्हा झाला नाहीं. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ सालीं कायदा झाला, आणि जी मदत पूर्वीं दया म्हणून मिळे ती मागणाऱ्याचा हक्क ठरली.

आतां त्या वृद्धांच्या उत्तराचा अर्थ लागतो. ज्या संकटांत प्रेतें पडलीं नाहींत, तें त्यांच्या लेखीं संकटच ठरलें नाहीं. तें केवळ एक वर्ष राहिलें, वय मोजण्यापुरतें. ही गोष्ट एका परीनें आनंदाची आहे. परंतु तींत धोकाहि आहे. टळलेल्या अनर्थाचा इतिहास कोणी लिहीत नाहीं, आणि तो कोणी टाळला, कशानें टाळला, हें विसरलें म्हणजे टाळण्याचीं साधनेंहि निष्काळजीपणानें हातचीं जातात. म्हणून आमची सूचना एवढीच, कीं अशा प्रत्येक गांवानें आपली एक वही ठेवावी: कोणत्या सालीं कोणती विहीर आटली, पहिला पाऊस केव्हां आला, कोणतें नक्षत्र कोरडें गेलें, किती घरें कामाला बाहेर पडलीं. तलाठ्याच्या दप्तरांत आणेवारीचे आंकडे असतील. पण ज्यांनीं तीं वर्षें काढलीं त्यांच्या तोंडची हकीकत त्या आंकड्यांत नाहीं, आणि तीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत.

निरोप घेतांना ते गृहस्थ आम्हांस वेशीपर्यंत पोंचवावयास आले. पायांखालचा रस्ता दाखवून म्हणाले, "ह्यो तवाचाच." देवाची कृपा म्हणून त्यांनीं जी सांगितली, तिच्यांत त्यांनीं स्वतः फोडलेल्या खडीचाहि वांटा आहे, हें त्यांस सांगावेंसें वाटलें, पण रस्ता तर त्यांनींच दाखविला होता.